सौर, फळबाग, ठिबक: अनुदान सातबाऱ्याला, मग बटईदाराचं काय?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. हिंगोली जिल्ह्यात आमचं वडिलोपार्जित सात एकर रान आहे. मी पुण्यात, भाऊ नाशकात, आई गावी. बरीच वर्षं गावातल्याच एका काकांकडे ते निम्म्या बटईनं आहे. बी-खत अर्धं-अर्धं, मेहनत त्यांची, माल अर्धा-अर्धा. कागद काही नाही, कधी लागलाही नाही. सोयाबीन, त्यात तुरीचे तास, पाणी असलं तर हरभरा.

आता शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गावाजवळच्या सबस्टेशनला जोडायच्या सौर पॅनलसाठी भाड्यानं जमिनी बघणं सुरू झालंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०, म्हणजे २०२३ पासूनची. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं, दरसाल ३ टक्के वाढ. एकरी ५० हजार घरबसल्या! आमच्या मुरमाड रानात बटईचे चांगल्या सालात एकरी सात-आठ हजार हाती येतात, वाईट सालात खिशातले जातात. भाऊ म्हणतो, यात विचार कसला करतोस? आई म्हणते, काकांना काय ते तूच येऊन सांग, मी सांगणार नाही.

काकांची स्वतःची जमीन दीड एकर. बाकी सगळा संसार आमच्या सात एकरांवर आणि दुसऱ्या एकाच्या चार एकरांवर. ते चार एकरवालेही फळबागेचा अर्ज भरून बसलेत.

तर प्रश्न असा: ठिबक, फळबाग, बांबू, सौर या 'हरित' म्हणवणाऱ्या योजनांमुळे तुमच्या भागात बटईनं-खंडानं करणाऱ्यांच्या हातची जमीन सुटतेय का? की मीच उगाच मनाला लावून घेतोय?

मु_पो_सातारा
वाचतोय. आमच्याकडे उसामुळे प्रकार वेगळा आहे, सवडीनं लिहितो.

तिफण
पैनगंगाकाठ नाना, मनाला लावून घेताय ते बरोबरच आहे. मी दुसऱ्या बाजूचा माणूस. अमरावती जिल्हा. घरचं तीन एकर, बाकी मक्त्यानं, म्हणजे खंडानं करतो.

माझी एक गोष्ट सांगतो. गावतलावाचा गाळ काढला तेव्हा मक्त्याच्या वावरात ट्रॅक्टर लावून गाळ टाकला. गाळ फुकट, वाहतूक आपली. सरकारचं अनुदान होतं, घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांपर्यंत, पण ते अल्प-अत्यल्प भूधारकाला. आता गंमत पाहा. वावर ज्याच्या नावावर तो मोठा खातेदार, म्हणून तो बसत नाही. मी अल्पभूधारक म्हणून बसतो, पण वावर माझ्या नावावर नाही. दोघंही नियमात, पैसा कोणालाच नाही. गाळ मी माझ्या पैशानं टाकला.

वावर सुधारलं. पहिल्या सालीच कपाशी कमरेला लागली. मालक एकदा धुऱ्यावर उभा राहून बराच वेळ पाहत होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं संत्रा लावला, भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून. अनुदान तीन वर्षांत, ५०, ३० आणि २० टक्के, आणि झाडं जगली तरच पुढचा हप्ता. मला म्हणाला, झाडं लहान आहेत तोवर आंतरपीक तूच घे, फक्त झाडांना पाणी देत जा. दिलं. त्याचे हप्ते निघाले, झाडांची सावली झाली, आणि मी वावराबाहेर.

त्याच्यावर राग नाही. वावर त्याचंच होतं. पण हप्ता ज्या पाण्यावर निघाला ते पाणी मी दिलं होतं.

खडूस_काका
+१ तिफण. 'झाडं जगली तरच हप्ता' हे वाचून पोटात कालवलं.

माळरान
थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. 'मालक' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पाटील येतो. माझी आई विधवा आहे, जालन्याजवळ तिची दोन एकर जमीन. स्वतः कसू शकत नाही. तिच्यासाठी बटईदारच वरचढ आहे. माल किती झाला ते तोच सांगतो, मळणी कधी केली तेही तोच सांगतो. एका वर्षी तर 'रोह्यांनी (नीलगायींनी) सगळं खाल्लं' असा हिशेब आला! अशा बाईला कोणी एकरी ५० हजार देत असेल तर तिनं का सोडावे? तिचा औषधांचा खर्च तेवढाच आहे.

मालकानं अपराधी वाटून घ्यावं असं मला वाटत नाही. योजना ज्यानं आखली त्याला विचारा.

रोही_विरुद्ध_मी
रोह्यांवर खोटे आळ घेऊ नका, ते खरंच सगळं खातात. सौर पॅनल हे महाराष्ट्रातलं एकमेव पीक आहे ज्याला रोही, रानडुक्कर आणि वानर तिघंही तोंड लावत नाहीत. वर सरकारी भाड्याचं तारेचं कुंपण. मी तर म्हणतो सोयाबीनलाच पॅनल म्हणून नोंदवा.

ॲड_बोरीबाभळ
पैनगंगाकाठ, तुम्ही 'कागद काही नाही' असं सहज लिहिलंत, पण सगळी गाठ तिथेच आहे.

कागद का होत नाही? कूळ लागेल, म्हणजे कसणारा कायद्यानं जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीनं. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ चा, तुमच्या मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, विदर्भात १९५८ चा. मुंबई कायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्या कुळांना मालक मानलं. कोकणात, देशावर कितीतरी घरं त्यातून उभी राहिली, हे आधी मान्य करू. पण त्याच कायद्यात ३२-ओ कलम आहे: त्या दिवसानंतर निर्माण झालेल्या कुळालाही जमीन विकत घेण्याचा हक्क. त्या कलमाचा दावा आज किती जण लावतात हा भाग वेगळा, पण गावातल्या प्रत्येक मालकाच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. म्हणून लेखी भाडेपट्टा कोणी देत नाही, बटईदार दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा आणि पीकपाहणीत नाव येऊ द्यायचं नाही.

हे असंच चाललं होतं, आणि त्यावर अनुदानाच्या योजना येऊन बसल्या. प्रत्येकीला सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) हवा. जो कागदावर नाही तो योजनेतही नाही.

एक उलटं उदाहरण देतो. फळबाग योजनेत सातबाऱ्यावर कुळाचं नाव असेल तर कुळाची संमती लागते. म्हणजे कागदावर आलेल्या कसणाऱ्याला योजना विचारते. तिफण यांना विचारलं नाही, कारण ते कागदावर कुठेच नव्हते.

नीती आयोगानं २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला होता. मालकी पूर्ण सुरक्षित, मुदत संपली की जमीन आपोआप परत, आणि भाडेकऱ्यानं सुधारणा केली असेल तर तिच्या उरलेल्या मोलाची भरपाई. तिफण यांच्या गाळाचे पैसे या शेवटच्या कलमात बसले असते. कायदा करायचा तो राज्यांनी.

तिफण
वकीलसाहेब, गाळाचं मोल काढणार कोण? मंडळ अधिकारी का? मग राहू द्या.

बांधावरचा_बाबू
नाव-गाव सांगत नाही, कृषी खात्यात गावपातळीवर आहे एवढंच.

ठिबकचं सांगतो. केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के लहान शेतकऱ्याला, ४५ टक्के बाकीच्यांना. राज्याची भर घातली की ८० आणि ७५ पर्यंत जातं. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, पैसे आधार जोडलेल्या खात्यात. १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय अर्जच पुढे सरकत नाही आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला बांधलेला. भाड्याच्या जमिनीला वाट आहे, पण नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा करार लागतो. एका तुकड्याला अनुदान मिळालं की सात वर्षं पुन्हा नाही. सात वर्षांचा नोंदणीकृत करार बटईदाराला देणारा मालक मला अजून भेटायचाय.

प्रत्यक्षात काय होतं? बटईदार मालकाच्या नावानं अर्ज करतो. पाइप-नळ्यांचे पैसे आधी बटईदार भरतो, कारण अनुदान नंतर येतं. मोका तपासणीला मालक हवा, फोटोत मालक हवा. एका गावात मालक मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आला, बूट घालून ओल्या सरीत उतरला, हातात लॅटरल धरून फोटो काढला आणि दुपारच्या गाडीनं परत. बटईदार फोटोच्या चौकटीबाहेर त्याची बॅग धरून उभा. महिन्या-दोन महिन्यांनी अनुदान मालकाच्या खात्यात जमा. त्यातलं बटईदाराला किती मिळालं हे विचारायची आमच्या अर्जात जागा नाही.

मालक प्रामाणिक असेल तर सगळं देतो. असे आहेत, बरेच आहेत. पण माणूस चांगला निघाला तरच चालणाऱ्या योजनेला योजना का म्हणायचं?

रोही_विरुद्ध_मी
मेहनत बटईनं, फोटो मालकीनं.

खडूस_काका
वरच्या वाक्याची पाटी करून तालुका कृषी कार्यालयात लावा.

ढगाळ_यॉर्कशर
मी इंग्लंडमध्ये राहतो, नोकरीमुळे शेतकऱ्यांशी रोजचा संबंध. तुमच्यासारखंच भांडण इथे जोरात आहे, म्हणून लिहितो.

इथे बरीच शेती खंडानंच चालते. १९९५ च्या कायद्यानंतरचे करार बहुतेक थोड्या मुदतीचे. युरोपीय संघात असताना अनुदान एकरावर मिळायचं, जो कसतो त्याला. पण झालं असं की मालकांनी खंड वाढवला आणि अनुदानाचा मोठा वाटा खंडातून त्यांच्याकडेच गेला. बाहेर पडल्यावर सरकारनं धोरण बदललं: निव्वळ एकरावर पैसा नाही, माती, कुंपणझाडी, फुलपट्टे, पाणी राखण्याला पैसा.

तेव्हा खंडकरी घाबरले. झाडं लावायची तर जमीन तीस-चाळीस वर्षं अडकते, करार तीन वर्षांचा. मालकाला वाटतं, खंडकऱ्याला काढून स्वतःच झाडं लावून अनुदान घेतलेलं बरं. २०२२ मध्ये बॅरोनेस रॉक यांच्या समितीनं याच विषयावर मोठा अहवाल दिला. सरकारनं एक गोष्ट चांगली केली: मातीसाठीच्या त्या योजनेत खंडकऱ्याला मालकाची संमती लागत नाही, आणि करार तीन वर्षांचा ठेवला, म्हणजे छोट्या मुदतीचा खंडकरीही बसतो. पण मार्च २०२५ मध्ये त्या योजनेचे नवे अर्ज एका संध्याकाळी अचानक बंद केले. जे थांबले होते ते थांबूनच राहिले.

मु_पो_सातारा
इंग्लंडचं ठीक आहे हो, तिथे कोणी कोणाला 'कूळ लागेल' म्हणत नाही.

आमच्याकडचं सांगतो. बागायतीत खंड रोख आणि आगाऊ. पाडव्याला बोली, पैसे मोजून. ठिबक बसवलेल्या रानाचा खंड बिनठिबकच्या रानापेक्षा जास्त. आता ते ठिबक कोणाच्या पैशानं बसलं? थोडं सरकारच्या, थोडं आधीच्या खंडकऱ्याच्या. आणि वाढीव खंड भरतो नवा खंडकरी. ढगाळ यांनी सांगितलं तेच, फक्त आमच्याकडे त्यावर अहवाल निघत नाही.

सीमेवरची_ज्वारी
मी नांदेड जिल्ह्यातला, तेलंगणाच्या हद्दीला लागून. पलीकडे २०१८ मध्ये रयतु बंधू आली तेव्हा आमच्या धर्माबादकडची गावं 'आम्हाला तेलंगणात घ्या' म्हणत होती, आठवत असेल. एकराला हंगामी ४ हजार, पुढे ५ हजार. ही काही पर्यावरणाची योजना नव्हे, पण धागा जो प्रश्न विचारतोय त्याचं उत्तर तिथे दिसतं. पैसे जमिनीच्या पासबुकातल्या मालकाला. कौलदाराला, म्हणजे तिकडच्या खंडकऱ्याला, छदाम नाही, आणि कौल काही उतरला नाही. हैदराबादेत फ्लॅटमध्ये बसलेल्यांनाही मिळाले.

आंध्रानं २०१९ मध्ये ११ महिन्यांच्या कराराचा कायदा केला, मालकी हक्काला धक्का नाही असं स्पष्ट लिहून. तरी करारावर मालकाची सही लागायची, आणि सहीला मालक तयार नसायचे. ओडिशानं मात्र कालिया या शेतकरी मदतीच्या योजनेत भूमिहीन आणि वाटेकरी कुटुंबांनाही धरलं. म्हणजे ठरवलं तर जमतं.

पाणंद
सगळे खाजगी जमिनीवर बोलताय. सौर प्रकल्पांचा मोठा भार गायरानावर, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीवर आहे, ते कोणी बोलेना. सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं मिळते, मोजणी एकाच वेळी, मालक एकच, कंपनीला त्याहून सोपं काय? ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प तिला तीन वर्षं ५-५ लाखांचं अनुदानही.

पण मराठवाड्यात गायरान रिकामं कुठे आहे? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून, म्हणजे १९५९ आणि १९६४ पासून, दलित-भटक्या कुटुंबांनी ते दगड वेचून वहितीखाली आणलंय. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा. कित्येकांकडे दंडाच्या पावत्या आहेत, सातबारा नाही. ही माणसं बटईदारापेक्षाही खाली, कारण त्यांचा 'मालक' सरकार आणि सरकारच भाड्यानं देतंय. ग्रामसभेत ठराव येतो तेव्हा पॅनलला विरोध केला की हे विकासविरोधी. दिवसा वीज आम्हालाही हवीच आहे हो. रात्री दोनला मोटर चालू करायला जाताना साप चावून मेलेली माणसं आमच्याही घरात आहेत.

माळरान
पाणंद, हे महत्त्वाचं लिहिलंत. दिवसा विजेचा फायदा बटईदारालाही मिळतो हे खरंय, पण ओलित करायला त्याच्या हातात जमीन राहिली तर.

बांधावरचा_बाबू
हो, आणि योजना वाईट आहे असं कोणी समजू नये. केंद्रानं कुसुम या सौर योजनेत शेतीच्या वीजवाहिन्या (फीडर) सौर करायला मेगावॅटमागे १ कोटी ५ लाखांपर्यंत मदत ठेवली, दिवसा वीज येते, डिझेल वाचतं. खोट एवढीच की भाडं ठरवताना जमिनीवर आज कोण उभा आहे हा रकाना कोणी ठेवला नाही.

शेवंता_आक्का
मी फारशी लिहीत नाही. आमचा बायकांचा गट आहे, आठ जणी मिळून चार एकर वाट्यानं करतो. सेंद्रियचं प्रशिक्षण झालं, गांडूळखताचे बेड लावायचे तर साहेब म्हणाले सातबारा आणा. मालकाकडे गेलो. तो म्हणाला बेड पक्के बांधू नका, उद्या मला रान लागलं तर? म्हणून प्लास्टिकचे लावले. उन्हात फाटले. सोयाबीन हमीभावाच्या केंद्रावर न्यायचं तर पीकपेरा मालकाच्या नावावर, म्हणून पैसे त्याच्या खात्यात. तो देतो, पण मागायला आम्हाला जावं लागतं. मागायला गेलं की त्याच्या बायकोचं एक-दोन दिवसाचं काम करूनच यावं लागतं.

खडूस_काका
आक्का, लिहीत जा हो.

हळदीचा_भाव
विषयाबाहेर: पैनगंगाकाठ, मुरमाड रान आहे म्हणता, वसमतकडे हळद निघते का हो असल्या रानात?

पैनगंगाकाठ
@हळदीचा_भाव, नाही निघत, पाणी नाही. पाणी असतं तर सौरचा विचारच केला नसता.

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. आईनं चहा ठेवला आणि शेजारी निघून गेली, म्हणजे बोलायचं मलाच. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, सगळं देऊ नका, नाल्याकडचे तीन एकर माझ्याकडे ठेवा, तिथं तुरीला ओल राहते. वरचं रान तसंही चार सालांत एकदा पिकतं, ते द्या. त्यांना कोणता तुकडा कसा हे माझ्यापेक्षा, भावापेक्षा चांगलं माहीत. भाऊ म्हणतो कंपनीला सलग जमीन लागते, सातच्या सात देऊ आणि काकांना वर्षाला काहीतरी देऊ. मला ते 'काहीतरी' पटत नाही. आज मी देईन, उद्या माझी मुलं?

वकीलसाहेब, वरचे चार एकर सौरला आणि खालचे तीन काकांना लेखी, असं होईल का? कूळ न लागता?

ॲड_बोरीबाभळ
होईल, पण आधी जमीन पोटहिस्स्यात मोडून घ्या, सातबारा सामाईक असेल तर भावाची आणि आईचीही सही लागेल. कंपनी चार एकर सलग घेईल का ते करारापूर्वी लेखी विचारा. भाडं पंचवीस-तीस वर्षांचं आहे, मुदत संपल्यावर पाया-खांब कोण काढणार हे कलम नक्की बघा.

काकांच्या तीन एकरांचं: 'कूळ अजिबात लागणार नाही' असं हमखास लिहून देणारा वकील भेटला तर त्याची फी परत मागा. तुमच्या भागाचा कायदा नीट वाचून, तालुक्याला हे काम करणाऱ्याकडून करारनामा करा. नोटरीच्या कागदावर समाधान मानू नका, पीकविम्यालाही नोंदणीकृत भाडेकरार मागतात.

तिफण
आणि ठिबक-गाळ जे काही काका त्या तीन एकरांत टाकतील त्याचा हिशेब एका वहीत दोघांच्या सहीनं ठेवा. कायदा येईल तेव्हा येईल.

बांधावरचा_बाबू
अजून एक. वरच्या रानात सध्या तूर उभी असेल ना? ताबा काढणीनंतरच द्यायचा हे करारात टाका. कंपनीची मोजणीची माणसं खुणा ठोकायला ट्रॅक्टर घेऊन उभ्या पिकातून जातात, आणि मग नुकसानीचा पंचनामा कोणाच्या नावानं करायचा यावर आमचे दोन दिवस जातात.

हळदीचा_भाव
तूर किती झाली ते काढणीनंतर कळवा. आणि खालच्या तीन एकरांत विहिरीला जागा आहे का?